एक मोबाईल, चौतीस रेकॉर्डर: मुलांचं वादन सॉफ्टवेअरने तपासायला सुरुवात कशी करावी

सहावी-सातवी मिळून चौतीस मुलं, आठवड्याला कलेच्या दोन तासिका, आणि संगीताचा वेगळा शिक्षक नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या जिल्हा परिषद शाळेची ही स्थिती विदर्भातल्या पुष्कळ गुरुजी-मॅडमना आपलीच वाटेल. आमच्या शाळेला रेकॉर्डर देणगीतून मिळाले. गावात ‘रेकॉर्डर’ म्हटलं की अजूनही टेपरेकॉर्डर आठवतो, म्हणून आधीच सांगते. हे तोंडाशी शिट्टी असलेलं, समोर सात आणि मागे अंगठ्यासाठी एक छिद्र असलेलं फुंकवाद्य आहे. मुलं त्याला सरळ बासरीच म्हणतात.

वाजवायला शिकवणं मला जमलं. तपासणं जमेना. चौतीस मुलं एकत्र वाजवतात तेव्हा कोण बरोबर आणि कोण नुसती बोटं हलवतंय, हे कळत नाही. एकेकाला उभं करून ऐकलं तर विसाव्या मुलापर्यंत माझे कान थकतात. पहिल्या मुलाला ज्या चुकीबद्दल थांबवलं, तीच चूक पंचविसाव्याची सुटून जाते. हा मुलांवर अन्याय होता आणि तो मला सलत होता. म्हणून मी सॉफ्टवेअरकडे वळले. खाली लिहिलेलं सगळं एक साधा अँड्रॉइड मोबाईल आणि शाळेच्या जुन्या लॅपटॉपवर होतं. नेटवर्क फक्त एकदा, डाउनलोड करायला लागतं.

आधी ठरवा: यंत्राने काय ऐकायचं आणि तुम्ही काय

एका मुलाच्या वादनात मी चार गोष्टी बघते. सूर जागेवर आहे का, लय टिकते का, फुंक आणि जीभ कशी आहे, आणि चुकलं तरी मूल पुढे वाजवत राहतं का. यातल्या पहिल्या दोन सॉफ्टवेअर चांगल्या मोजतं. तिसरीचा अर्धा भाग त्याला कळतो. चौथी पूर्णपणे तुमची.

ही वाटणी कागदावर लिहून वर्गात लावा. ‘मोबाईल मार्क देणार’ अशी हवा एकदा पसरली की मुलं घाबरून फुंकायचीच बंद होतात. आमच्याकडे पहिल्या वर्षी तसं झालं होतं.

मुलाच्या आधी वाद्य तपासा

ही पायरी कोणी गाळू नये, कारण मी गाळली होती. पहिल्या सत्रात एका मुलीचा ‘म’ दर वेळी चढा येत होता. सॉफ्टवेअर चूक दाखवत होतं, मीही तशीच नोंद केली. दोन आठवड्यांनी तिचा रेकॉर्डर हातात घेऊन स्वतः वाजवला तेव्हा कळलं, तिचं वाद्य इतरांपेक्षा वेगळ्या जातीचं होतं. नोंद मी बदलली, पण ते दोन आठवडे तिने स्वतःला कच्चं समजून काढले.

रेकॉर्डरच्या बोटांच्या दोन पद्धती आहेत, बरोक आणि जर्मन. जर्मनीत १९२० च्या दशकात पीटर हार्लान यांनी मुलांना सोपं जावं म्हणून दुसरी पद्धत काढली. तिच्यात ‘म’ साठी अंगठा आणि वरची चार बोटं ठेवली की झालं. बरोक वाद्यावर तीच बोटं ठेवली तर सूर चढतो. तिथे पाचवं छिद्र उघडं ठेवून खालची दोन पुन्हा झाकावी लागतात. ओळखायचं असं: समोरची छिद्रं वरून मोजा. चौथं छिद्र पाचव्यापेक्षा लहान असेल तर बरोक, पाचवं चौथ्यापेक्षा लहान असेल तर जर्मन. देणगीच्या खोक्यात दोन्ही मिसळून येऊ शकतात. प्रत्येक रेकॉर्डरवर हजेरी क्रमांक आणि ‘ब’ किंवा ‘ज’ पक्क्या शाईने लिहून ठेवा.

मग मोबाईलवर कुठलंही मोफत ट्यूनर ॲप (वाजलेला सूर कोणता ते दाखवणारं) घ्या आणि प्रत्येक वाद्यावर स्वतः प, ध, नी वाजवून बघा. इथे नवख्या माणसाचा पहिला गोंधळ होतो. आपण सा म्हणजे पेटीची पांढरी एक धरलेली असते. ट्यूनरवर इंग्रजी अक्षरं येतात: प म्हणजे जी, ध म्हणजे ए, नी म्हणजे बी. शेजारी सप्तकाचा आकडा असतो. पाश्चात्त्य नोटेशनच्या पुस्तकात नी ‘बी ४’ असा लिहिलेला दिसेल, ट्यूनर मात्र ‘बी ५’ दाखवेल. दोन्ही बरोबर आहेत. शाळेत वापरतात तो सोप्रानो रेकॉर्डर लिहिलेल्यापेक्षा एक सप्तक वर वाजतो. सॉफ्टवेअरमध्ये अपेक्षित सूर भरताना हे विसरलात तर वर्गातलं प्रत्येक मूल नापास दिसेल.

आकडे पाठ असलेले बरे. ध म्हणजे ८८० हर्ट्झ (सेकंदाला ८८० कंपनं), प सुमारे ७८४, नी सुमारे ९८८. बाजारातले प्लास्टिक रेकॉर्डर एक सप्तक खालचा ध साधारण ४४० ते ४४२ हर्ट्झ धरून, त्या मानाने जुळवलेले असतात. या दोन टोकांतला फरक आठ सेंटच्या आत आहे. सेंट म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. आठ सेंटने आपल्या कामात काही बिघडत नाही.

बिघडतं ते हवामानाने. नळीतली हवा तापली की सूर चढतो, एका अंशाला साधारण तीन सेंट. मुलाचा श्वास नळी आतून गरम करतच असतो, त्यामुळे प्रत्यक्षात फरक एवढा पडत नाही, पण पडतो. डिसेंबरात सकाळच्या गारठ्यात रेकॉर्डर थंडगार असतो. सूर उतरलेला येतो आणि शिट्टीत वाफ साचून आवाज बसतो. वाजवण्याआधी पाच मिनिटं काखेत किंवा मुठीत धरायला सांगा. वाफ साचली तर शिट्टीच्या खिडकीवर अलगद बोट ठेवून जोरात फुंकलं की मोकळी होते. मार्चमध्ये सकाळची शाळा लागली की उलट त्रास: उन्हात राहिलेलं वाद्य चढतं. तोंडाकडचा भाग दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढा, सूर खाली येईल.

एक रेकॉर्डर दोन मुलांत असेल तर दर तासाला कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने धुवून घ्या. उकळत्या पाण्यात टाकू नका, प्लास्टिक वाकतं.

तपासणीसाठी छोटी धून

पुस्तकातलं गाणं घेऊ नका. तपासणीची धून अशी बांधा की तिच्यातली प्रत्येक चूक ओळखता येईल. मी ही वापरते. एक मात्रा म्हणजे एक सेकंद:

नी नी ध ध
प प ध –
नी ध प ध
नी – – –

सोळा मात्रा, बारा सूर. तीनच सूर असल्यामुळे खालचा हात गुंतत नाही, बरोक-जर्मन भानगडही येत नाही. पहिल्या दोन ओळींत एकच सूर दोनदा येतो तो मुद्दाम. दोन नी वेगळे वाजवायचे तर मधे जिभेने ‘तू’ म्हणावं लागतं. मूल जीभ न लावता सलग फुंकत राहिलं तर सॉफ्टवेअरला दोन नी एकच लांब सूर दिसतो. बाराऐवजी नऊ सूर मोजले गेले, म्हणजे तिन्ही जोड्यांत जीभ लागलेली नाही. नोंदवहीत ‘सूर चुकले’ लिहिण्याआधी हे बघा. सूर मुलाचे बरोबर असतात, शिकवायची असते ती जीभ.

ही धून म्यूझस्कोर या नोटेशन लिहायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टंकून तिची ध्वनिफाईल काढा आणि पालकांच्या गटावर टाका. ज्या घरी मोबाईल नाही तिथल्या मुलांसाठी मी मधल्या सुट्टीत लावते.

रेकॉर्डिंग

माझ्या मते निम्मं यश इथेच ठरतं. रेकॉर्डिंग गढूळ असेल तर पुढचं कुठलंही सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही.

जागा: बंद वर्गखोलीत आवाज घुमतो आणि एक सूर दुसऱ्यावर सांडतो. पत्र्याचं छप्पर असेल तर पावसात काम सोडूनच द्या. आम्ही मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली बसतो. वारा असेल तर मोबाईलच्या माईकवर पातळ सुती कापडाचा एक पदर पुरतो.

अंतर: मोबाईल स्टुलावर, मुलापासून साधारण एक मीटर. जवळ धरू नका. रेकॉर्डरचा आवाज लहान वाटतो, पण १००० हर्ट्झच्या आसपास तो टोकदार असतो आणि माईक फाटतो. लॅपटॉपवर लहरीची टोकं सपाट कापलेली दिसली तर समजा, मोबाईल जवळ होता.

मोबाईल विमान मोडवर ठेवा. रेकॉर्डिंग ॲपच्या सेटिंगमध्ये ‘नॉइज सप्रेशन’ किंवा ‘आवाज स्वच्छ करा’ असं काही असेल तर बंद करा. ही सोय माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असते. एकसारखा लांबलेला सूर तिला पंख्याची घरघर वाटते आणि ती तो पुसून टाकते. शेवटचा चार मात्रांचा नी मधेच विरघळलेला दिसला की मी आधी हे तपासते. फाईल शक्यतो ‘वेव्ह’ स्वरूपात ठेवा. व्हॉट्सअॅपची व्हॉइस नोट वापरू नका, ती आवाज दाबून लहान करते. फाईल पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

लय कशी द्यायची? बहुतेक ठिकाणी मेट्रोनोम ॲप, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिक देणारं ॲप, सुचवतात. ब्लूटूथ इअरफोन लावला तर टिकटिक मुलाच्या कानात उशिरा पोचते आणि बिचारं मूल मागे पडलेलं दिसतं. तारेचा इअरफोन चालतो. पण माझ्याकडे याहून चांगली सोय आहे, आणि तुमच्याकडेही असणार: खंजिरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे मोझरीच्या आसपासच नाही, तर आमच्या इकडेही ती घरोघरी आहे, आणि सामुदायिक प्रार्थनेला बसणारं कुठलंही मूल चार मात्रा न चुकता देतं. एक मूल खंजिरीवर चार मात्रा मोकळ्या देतं, मग वाजवणारं सुरू करतं. खंजिरीवाल्याला दोन मीटर लांब बसवा आणि हळू वाजवायला सांगा.

याचा खरा फायदा पुढे दिसतो. खंजिरीची थाप त्याच रेकॉर्डिंगमध्ये उमटते. मुलाचा सूर घड्याळाशी न जुळवता तुम्ही त्या थापेशी जुळवू शकता. थाप देणारं मूल थोडं घाईत असेल तर त्याचा दंड वाजवणाऱ्याला बसत नाही.

सुरुवातीला मूल फक्त हजेरी क्रमांक बोलतं, नाव नाही. धून दोनदा. सगळं मिळून चाळीस-पंचेचाळीस सेकंद. चौतीस मुलांचं निव्वळ रेकॉर्डिंग पंचवीस मिनिटांत होतं, उठबस धरून दोन तासिका. फाईलला इयत्ता, क्रमांक आणि महिना असं नाव लगेच द्या. घरी जाऊन देऊ म्हटलं की चौतीस फायली एकसारख्या दिसतात.

सॉफ्टवेअर कुठलं

पैसे आणि नेट दोन्ही असतील तर मेकम्युझिक क्लाउड आहे, ज्याला आधी स्मार्टम्युझिक म्हणत. मूल पडद्यावरचं नोटेशन बघून वाजवतं, सॉफ्टवेअर माईकमधून ऐकतं, बरोबर सूर हिरवे आणि चुकलेले लाल दाखवतं, शिक्षकाकडे गुण जातात. ज्या शाळांत प्रत्येक मुलाकडे टॅबलेट आहे त्यांच्यासाठी ते बनलं आहे. आमच्यासारख्या शाळेत एकाच मोबाईलला दोन काड्या नेटवर्क मिळतं, तिथे त्याच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

खेड्यातल्या शाळेला दोन मोफत सॉफ्टवेअर पुरतात: ऑडॅसिटी आणि टोनी. तालुक्याला गेलात की दोन्ही लॅपटॉपवर उतरवून घ्या. पुढे नेट लागत नाही.

ऑडॅसिटी डोळ्यांसाठी. फाईल उघडा आणि ट्रॅकच्या नावाच्या मेनूतून लहरीऐवजी स्पेक्ट्रोग्राम (कुठला सूर कधी वाजला याचं चित्र) निवडा. रेकॉर्डरचा मूळ सूर ठळक आणि वरचे स्वरांश फिके असतात, त्यामुळे पडद्यावर एक स्वच्छ तेजस्वी रेघ दिसते. खंजिरीच्या थापा उभ्या काड्यांसारख्या. रेघ जिन्यासारखी चढ-उतार करते. पायरी सपाट असेल तर फुंक स्थिर, पायरी लाटेसारखी असेल तर फुंक डळमळते. मधेच रेघ एकदम उडी मारून वर गेली असेल तर मूल जोरात फुंकलं किंवा अंगठ्याचं छिद्र नीट झाकलं गेलं नाही. तपासण्याआधी ऑडॅसिटीतलं ‘नॉइज रिडक्शन’ लावू नका.

टोनी मोजणीसाठी. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात बनलेलं हे सॉफ्टवेअर मुळात गाण्याची चाल उतरवण्यासाठी आहे. त्याच्या आत पी-यिन नावाची २०१४ साली मांडलेली पद्धत काम करते. लहर किती वेळाने स्वतःची पुनरावृत्ती करते हे ती शोधते आणि त्यावरून कंपनसंख्या काढते. टोनीत फाईल उघडली की ते आपोआप सुरांची रेघ आखतं आणि प्रत्येक सुराभोवती चौकट काढतं. धून दोनदा वाजवलेली असते, म्हणून एका वेळच्या धुनीत चौकटी बारा आल्या का, मोजा. कमी आल्या तर वर सांगितल्याप्रमाणे जीभ बघा. जास्त आल्या तर बहुधा किंचाळी किंवा खंजिरीचा आवाज सूर म्हणून पकडला गेला आहे. ती चौकट निवडून पुसा. मग सुरांची यादी निर्यात करा. सुरुवातीची वेळ, कंपनसंख्या आणि लांबी असे तीन रकाने मिळतात.

यादी लिबरऑफिस कॅल्क या तक्त्यांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. शेजारी अपेक्षित कंपनसंख्या लिहा. फरक सेंटमध्ये काढायचा तर मिळालेली कंपनसंख्या भागिले अपेक्षित कंपनसंख्या, त्याचा २ या पायावरचा लॉगॅरिदम, गुणिले १२००. एकदा सूत्र भरलं की खाली ओढलं की झालं. उदाहरणार्थ, नी ९८८ ऐवजी १००५ आला तर फरक साधारण ३० सेंट चढा. ध ८८० ऐवजी ८६५ आला तर तेवढाच उतरलेला.

किती फरक माफ करायचा? ५० सेंटच्या पुढे गेलं की तो सूर शेजारच्या पट्टीच्या जवळ जातो, म्हणून ती शेवटची हद्द. सहावीला पहिल्या सत्रात मी ४० पर्यंत बरोबर धरते, दुसऱ्या सत्रात ३०. त्याहून कडक होऊ नका. आपल्या मुलांचा कान भजनातल्या पेटीवर आणि घरच्या गाण्यावर तयार झालेला असतो. तानपुऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार सॉफ्टवेअरच्या समान अंतराच्या मोजणीपेक्षा १४ सेंट खाली असतो. कानाने पक्कं असलेलं मूल पुढे ग वाजवताना फुंक किंचित सोडून तो सूर खाली आणतं. सॉफ्टवेअरला ती चूक दिसते. मला त्यात तयारी दिसते.

लयीसाठी प्रत्येक सुराच्या सुरुवातीची वेळ आणि सर्वांत जवळच्या थापेची वेळ यातला फरक बघा. ०.१५ सेकंदाच्या आत असेल तर मी लयीत धरते. बारा सूर तपासायचे नसतील तर प्रत्येक ओळीचा पहिला आणि शेवटचा सूर पुरे. घाई करणारं मूल चौथ्या ओळीपर्यंत स्पष्ट पुढे गेलेलं असतं.

यंत्रावर विश्वास टाकण्याआधी

पहिल्या वेळी दहा मुलांची रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकण्याआधी फक्त कानाने ऐका आणि श्रेणी लिहून कागद उलटा ठेवा. मग सॉफ्टवेअरचे आकडे काढा. दोन्ही शेजारी ठेवून जिथे फरक पडला ती रेकॉर्डिंग पुन्हा ऐका.

मी हे केलं तेव्हा दोन्हीकडच्या चुका सापडल्या. माझी चूक: वर्गात बोलकी असलेली मुलं मला चांगलं वाजवतात असं वाटत होतं, आणि मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या दोन मुलांचे सूर त्यांच्यापेक्षा नेमके निघाले. सॉफ्टवेअरची चूक: सुराच्या सुरुवातीला फुंक भरताना सूर खालून वर येतो आणि शेवटी श्वास संपताना खाली घसरतो. ते टोकाचे तुकडे कधी कधी वेगळ्या चौकटीत मोजले जातात. सुराचा मधला भाग धरला की हा प्रश्न सुटतो.

तिसरी गोष्ट मुलांनी शिकवली. एका मुलाचा सगळाच आकडा २५ सेंटने चढा आला. तो म्हणाला, ‘मॅडम, म्या बरोबरच वाजवलं, मोबाईलच चुकून राह्यला.’ मी त्याचा रेकॉर्डर स्वतः वाजवला, माझाही तेवढाच चढा. खिडकीतल्या उन्हात ठेवलेला होता. तेव्हापासून नियम केला: सगळे सूर एकाच बाजूला सारख्याच अंतराने सरकलेले असतील तर तो वाद्याचा दोष, आणि तो आकडा आधी वजा करायचा. एखाद-दुसराच सूर सरकला असेल तर तो मुलाने दुरुस्त करायचा. आणि मूल हरकत घेत असेल तर त्याच्यासमोर पुन्हा मोजायचं.

नोंदवहीत काय लिहायचं

आकारिक मूल्यमापनात हे काम ‘प्रात्यक्षिक’ या साधनाखाली बसतं. वीस गुण धरले तर मी सुराला पाच, लयीला पाच, फुंक-जिभेला पाच आणि सातत्याला पाच देते. पहिले दहा सॉफ्टवेअरच्या आकड्यांच्या आधाराने, उरलेले दहा कानाने आणि डोळ्यांनी. सॉफ्टवेअरने दिलेली टक्केवारी तशीच्या तशी श्रेणीत बदलू नका. तिच्यात वाद्य, ऊन, वारा आणि खंजिरीवाला, सगळे मिसळलेले असतात.

सॉफ्टवेअरचा खरा उपयोग वर्णनात्मक नोंदीत आहे. ‘वादन चांगले’, ‘सरावाची गरज’ ही वाक्यं आपण सगळ्यांनी शेकडो वेळा लिहिली आहेत आणि त्यातून मुलाला काहीच मिळत नाही. आता मी असं लिहिते: ‘प आणि ध स्थिर. नी वर जोर जास्त, सूर चढतो. हळू फुंकण्याचा सराव.’ किंवा: ‘सूर नेमके. सलग दोन सुरांत जीभ लागत नाही. तू-तू म्हणून सराव.’ किंवा: ‘तिसऱ्या ओळीपासून घाई. खंजिरीसोबत रोज एकदा.’ तीन महिन्यांनी दुसरे शिक्षक आले तरी ही नोंद वाचून त्यांना पुढे जाता येईल.

नोंद लिहिण्याआधी मुलाला रेघ दाखवा. लॅपटॉपवर त्याचं स्वतःचं रेकॉर्डिंग लावून बोटाने दाखवा, ‘इथे बघ, नी लाटेसारखा झाला.’ मी पूर्वी ‘फुंक स्थिर ठेव’ असं शंभरदा सांगायचे. मुलांना ‘स्थिर’ म्हणजे काय ते रेघ बघून एकदाच कळलं. आता मधल्या सुट्टीत त्यांची आपापसांत पैज लागते, कोणाची रेघ जास्त सपाट. मात्र एकाची रेघ दुसऱ्याला दाखवून तुलना करू नका. पैज त्यांनी आपणहून लावली तर वेगळं.

वर्षाचं वेळापत्रक

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडते, त्यामुळे जुलै फक्त फुंक आणि तीन सूर यातच जातो. पहिलं रेकॉर्डिंग जुलैच्या शेवटी, उघडीप बघून, गुण न देता. ती नुसती सुरुवातीची खूण. दुसरं पोळा आणि तान्हा पोळा झाल्यावर. दिवाळीनंतर कापूस वेचणी जोरात असते आणि हजेरी पातळ होते, त्या काळात तपासणी ठेवू नका. आई-वडिलांसोबत शेतात गेलेल्या मुलाचा ‘गैरहजर’ हा शेरा त्याच्या वादनाबद्दल काहीच सांगत नाही. तिसरं जानेवारीत, शेवटचं मार्चमध्ये सकाळच्या शाळेत, ऊन चढायच्या आत.

लॅपटॉप रात्रीच भरून ठेवा. भारनियमनाची वेळ बदलते, मुलांची तासिका बदलत नाही.

पालकांना विचारा

मुलांचा आवाज ही त्यांची खासगी गोष्ट आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. मी जुलैतल्या पालकसभेत एक रेकॉर्डिंग लावून दाखवते, कशासाठी वापरणार ते सांगते आणि सही घेते. शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तातही नोंद करते. फायली शाळेच्या लॅपटॉपवरच राहतात. कुठल्याही गटावर कुणाचं रेकॉर्डिंग टाकायचं नाही, चांगलं वाजवलं असलं तरी.

मार्चचं रेकॉर्डिंग संपलं की एक तासिका मोकळी ठेवा. एकेका मुलाला जवळ बसवून आधी त्याचं जुलैचं ऐकवा, मग मार्चचं, आणि काय बदललं ते त्यालाच सांगू द्या. तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत वर्षअखेरच्या नोंदीत लिहा. मग त्याच्या डोळ्यांसमोर दोन्ही फायली पुसा. ठेवायच्या असतील तर तो सांगेल, तेव्हा त्याच्या घरच्या मोबाईलवर देऊन इकडच्या पुसा.